डब्यावरील अक्षरे कोणासाठी?

ग्राहकाने जागे व्हावे, असा उपदेश केंद्र सरकार २००५ सालापासून नित्यनेमाने करीत आले आहे. ‘जागो ग्राहक जागो’ ही घोषणा आकाशवाणीवरून, दूरदर्शनवरून आणि वृत्तपत्रांच्या पानापानांवरून इतकी वाजली की तिच्यातील आशयाकडे पाहण्याचे भान कोणाला राहिले नाही. वरकरणी घोषणा निरुपद्रवी वाटते, पण तिच्या पोटात एक आरोप दडलेला आहे. बाजारात फसवणूक होते ती ग्राहक झोपलेला असतो म्हणून. त्याने डबा उलटून पाहावा, बारीक अक्षरे वाचावीत, पावती मागावी, आणि एवढे करूनही फसला तर ग्राहक न्यायालयाची पायरी चढावी, म्हणजे सारे सुरळीत होईल, असा हा आरोपवजा उपदेश आहे. फसलेला माणूस दोषी ठरतो. ज्याने फसविले तो आणि ज्याने फसवू दिले तो, असे दोघेही उपदेशकाच्या आसनावर जाऊन बसतात.

या उपदेशाचे पोकळपण खाद्यतेलाइतके दुसऱ्या कोणत्याही पदार्थाने उघडे पडत नाही. ज्वारीचा दाणा दाताखाली धरून पाहता येतो. डाळीतला खडा डोळ्याला दिसतो. भाजी शिळी असेल तर ती विकणारी बाई ते फार वेळ लपवू शकत नाही. शुद्धीकृत, म्हणजे रूढ भाषेत रिफाइंड, तेलाचे तसे नाही. ते द्रावकाच्या साह्याने काढले जाते, त्यातील चिकट अंश वेगळा केला जातो, विशिष्ट मातीच्या साह्याने त्याचा रंग उतरविला जातो, आणि अखेरीस दोनशे अंशांहून अधिक तापमानावर वाफ सोडून त्याचा वासही घालविला जातो. शेंगदाणा, सरकी, सोयाबीन, पाम यांना एकमेकांपासून ओळखू देणाऱ्या खुणा या प्रक्रियेत पुसल्या जातात, आणि त्या पुसल्या जाव्यात हाच तिचा एक हेतू असतो. जीभ, नाक आणि डोळे यांना जे काही कळण्याजोगे होते ते काढून घेतल्यावर ग्राहकाच्या हाती उरतात ती डब्यावरची अक्षरे. ती अक्षरे लिहिण्याचे काम विक्रेत्याकडे असते आणि त्यांवर विश्वास ठेवण्याचे काम तेवढे ग्राहकाकडे येते.

हे एका दिवसात घडलेले नाही. त्याचा आरंभ महाराष्ट्राच्या भूमीवर, १९३०नंतरच्या दशकात झाला, आणि तो एकाच वेळी दोन ठिकाणी झाला हे ध्यानात घेण्याजोगे आहे. मुंबईला शिवडी येथे लिव्हर ब्रदर्स या विलायती कंपनीने हिंदुस्थान वनस्पती मॅन्युफॅक्चरिंग कंपनीच्या नावाने वनस्पतीचा कारखाना उभारला. तेलात निकेलच्या सान्निध्यात हायड्रोजन वायू सोडून ते घट्ट, दाणेदार, तुपासारखे करावयाचे, हा तेथील उद्योग. १९३७ साली त्या मालाचे ‘डालडा’ हे नाव बाजारात आले. याच दशकात, १९३४ साली, गांधीजींच्या प्रेरणेने अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि वर्ध्याच्या मगनवाडीत जे. सी. कुमारप्पा यांच्या देखरेखीखाली बैलघाण्याच्या सुधारणेचे प्रयोग सुरू झाले. कमी श्रमात अधिक तेल देणारा वर्धा घाणा ही त्या प्रयोगांची फलश्रुती होय.

शिवडी आणि वर्धा यांत एक यंत्राचे गाव आणि दुसरे बैलाचे, एवढाच भेद पाहणे वरवरचे ठरेल. भेद होता तो माहितीच्या वाटपाचा. घाण्यावर शेतकरी आपले तीळ अथवा करडई घेऊन जाई, डोळ्यांदेखत तेल निघे, पेंड त्याच्याच गुरांसाठी परत येई. तेल कशाचे आहे हे सांगण्यासाठी कोणाला काही छापावे लागत नसे. शिवडीच्या मालाला मात्र सांगण्यावाचून गत्यंतर नव्हते, कारण ते पाहून कळण्याजोगे नव्हते. म्हणूनच डालड्याबरोबर या देशात मोठ्या जाहिरात मोहिमांचे युग अवतरले. डब्याच्या आकाराची मोटार रस्त्यांतून फिरविली गेली, जाहिरातीचा चित्रपट काढून दाखविला गेला, ठिकठिकाणी मंडप टाकून पदार्थ तळून वाटले गेले. डब्यावर माडासारखे एक हिरवे झाड असे. आत बहुतांशी शेंगदाण्याचे तेल. पुढे काही दशकांनी शेंगदाणा मागे पडला आणि वनस्पतीत खरोखरच पाम तेल आले, पण तोवर त्या झाडाकडे पाहण्याची सवय सर्वांना सुटली होती.

गांधीजींनी १९४६-४७च्या सुमारास ‘हरिजन’मधून वनस्पतीवर जो प्रहार केला, त्याची टिंगल त्या वेळीही झाली आणि नंतरही होत राहिली. यंत्रद्वेष, जुनाटपणा अशी विशेषणे त्याला लावली गेली. वस्तुतः त्या टीकेतील गाभ्याचा मुद्दा सत्यासत्याचा होता. वनस्पती तुपासारखी दिसते, तुपासारखी वास घेते आणि तुपात मिसळली जाते. मग ती तुपासारखी दिसू नये म्हणून तिला निराळा रंग द्या, एवढी साधी मागणी होती. सरकारदरबारी या रंगाच्या शोधावर बराच काळ खर्ची पडला. निरुपद्रवी, तापविल्यावर न उडणारा आणि सहज काढून टाकता न येणारा रंग मिळत नाही, हे उत्तर वर्षानुवर्षे मिळत राहिले. ज्या कारखानदारीने तेलाचा मूळ रंग, वास आणि द्रवत्व बदलण्याची किमया साधली होती, तिच्या प्रयोगशाळांना एक रंग सापडू नये, याचे आश्चर्य वाटणाऱ्यांची त्या काळी कमतरता नव्हती.

तरीही त्या वादातून एक चांगली गोष्ट निष्पन्न झाली, आणि तिचे मोल आजच्या कार्यकर्त्यांना माहीत असावयास हवे. वनस्पतीत निदान ५ टक्के तिळाचे तेल मिसळलेच पाहिजे, असा नियम सरकारने केला. कारण असे की तिळाच्या तेलात एक विशिष्ट द्रव्य असते. हायड्रोक्लोरिक आम्ल आणि फरफ्युराल यांच्या योगाने ते लालसर गुलाबी रंग दाखविते. बोदुआँ चाचणी या नावाने ही कसोटी ओळखली जाते. तुपात वनस्पती मिसळलेली असेल तर तिच्यासोबत तीळही तेथे जाणार आणि आम्ल घालताच चोरी उघड होणार. साधी साखर आणि आम्ल घेऊन शाळेच्या प्रयोगशाळेतही हे करून पाहता येते. पदार्थाने आपली ओळख आपणच सांगावी, अशी ही योजना होती. तीत गृहिणीला वाचता येण्याची अट नव्हती. भाषेची अडचण नव्हती. विक्रेत्याच्या प्रामाणिकपणावरही काही अवलंबून नव्हते. सत्य डब्यावर छापण्याऐवजी डब्याच्या आत घातले गेले होते.

मात्र या योजनेने रक्षण कोणाचे केले, हेही विचारले पाहिजे. तिने तूप विकत घेऊ शकणाऱ्याचे रक्षण केले. जो वनस्पतीच खात होता, कारण त्याला दुसरे काही परवडत नव्हते, त्याच्या पोटात काय जाते आहे याची चौकशी करण्यास कोणाला घाई नव्हती. अर्धवट हायड्रोजनीकरणातून निर्माण होणारी ट्रान्स मेदाम्ले रक्तातील घातक कोलेस्टेरॉल वाढवितात आणि उपकारक कोलेस्टेरॉल घटवितात, हे हॉलंडमधील मेन्सिंक आणि कतान या संशोधकांनी १९९० साली दाखवून दिले. डेन्मार्कने २००३ साली त्यांवर कायद्याने मर्यादा घातली. भारतात तेल-मेदांतील हे प्रमाण २ टक्क्यांवर आणणारा नियम १ जानेवारी २०२२ पासून अमलात आला. मधली वर्षे कोणाच्या हृदयावर खर्ची पडली, याचा हिशेब कोणत्याही दप्तरात नाही. बेकरीच्या भट्टीवरचा कामगार चहात बुडवून खातो ती खारी आणि नाक्यावर उभा राहिलेला मजूर दुपारी खातो तो वडा यांत तो हिशेब विरघळून गेला आहे.

समाज पेटला तो निराळ्या कारणाने. १९८३ साली वनस्पतीत गाईची चरबी मिसळली गेल्याचे प्रकरण बाहेर आले आणि देशभर संतापाची लाट उसळली. साबणासाठी म्हणून परदेशातून आणलेली चरबी खाण्याच्या पदार्थात जावी, हा विश्वासघात भयंकरच होता. शाकाहारी माणसाच्या श्रद्धेशी केलेला तो खेळ होता आणि त्याविषयीचा राग सर्वथा रास्त होता. परंतु तो राग लवकरच धर्माच्या राजकारणाने आपल्या गाडीला जुंपला. नफ्यासाठी भेसळ करणारी व्यवस्था बाजूला राहिली आणि चर्चा चरबी कोणत्या प्राण्याची एवढ्यावर थांबली. पुढे २००१पासून शाकाहारी पदार्थांच्या वेष्टनावर हिरवा ठिपका आला. तो आवश्यक आहे, आणि ज्या मोजक्या खुणा निरक्षर माणसालाही कळतात त्यांपैकी ती एक आहे. परंतु तो ठिपका सांगतो ते एवढेच, की आत प्राण्याचा अंश नाही. आत काय आहे ते तो सांगत नाही. पाम तेलाला हिरवा ठिपका मिळतो, घाण्यावरच्या तिळाच्या तेलालाही तोच. ट्रान्स मेदाने भरलेल्या वनस्पतीच्या डब्यालाही तो २००१ ते २०२१ अशी वीस वर्षे मिळतच होता. पण सामान्य ग्राहक हिरव्याचा अर्थ ‘चांगले’ असा घेतो, आणि तो तसा घेतो हे उत्पादकाला पुरते ठाऊक आहे.

खरी अक्षरे छापूनही फसविता येते, ही तर या व्यापारातील सर्वांत प्रगत कला होय. तेलाच्या डब्यावर ‘कोलेस्टेरॉलरहित’ असे ठळक छापलेले असते. विधान खोटे नाही. वनस्पतिजन्य तेलात कोलेस्टेरॉल जवळजवळ नसतेच. जगातील कोणत्याही बियांच्या तेलाला हे विशेषण लावता येईल. पाण्याच्या बाटलीवर ‘धूररहित’ असे छापण्याइतकेच त्याला महत्त्व आहे. पण ज्या माणसाच्या वडिलांना हृदयविकाराचा झटका आलेला असतो, तो त्या एका शब्दासाठी दोन रुपये अधिक मोजून घरी जातो. कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. खऱ्या विधानाने केलेली दिशाभूल त्या तरतुदीच्या जाळ्यात पकडावयाची तर पकडणाऱ्याला इच्छा आणि प्रयोगशाळा दोन्ही लागतात.

पिशवीतल्या, डब्यातल्या तेलाची ही कथा. सुट्या तेलाची कथा अधिक दारुण आहे. १९९८च्या ऑगस्टमध्ये दिल्ली आणि आसपासच्या प्रदेशात मोहरीच्या तेलात पिवळ्या धोतऱ्याच्या बियांचे तेल मिसळले गेले. पाय सुजलेल्या, श्वास कोंडलेल्या सुमारे तीन हजार माणसांना रुग्णालयांत दाखल करावे लागले आणि साठांहून अधिक माणसे मरण पावली. मेलेल्यांमध्ये कष्टकरी वस्त्यांतील माणसे मोठ्या संख्येने होती. सरकारने त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आदेश काढून खाद्यतेल बंद वेष्टनातच विकले पाहिजे असा दंडक घातला. या दंडकाला विरोध करणारे त्या वेळी म्हणत होते की वेष्टनाचा खर्च लहान घाणेवाल्याला पेलणार नाही, आणि भेसळीचे निमित्त होऊन बाजार बड्या कंपन्यांच्या हाती जाईल. ते खरे ठरले. पण केवळ तेवढेच खरे आहे असे म्हणून भागणार नाही. ज्या तेलाने माणसे मेली त्याला वेष्टन नव्हते, उगमाचा पत्ता नव्हता, आणि ‘ओळखीच्या दुकानदाराकडचे आहे’ हा विश्वास साठ घरांना वाचवू शकला नाही. समाजवादी मंडळींना घाण्याविषयी जे ममत्व आहे त्याला हा प्रश्न विचारलाच पाहिजे. डोळ्यांदेखतचा विश्वास गावाच्या आकारापर्यंत चालतो. बी एका राज्यातून, तेल दुसऱ्या राज्यातून आणि गिऱ्हाईक तिसऱ्या राज्यातून येऊ लागले की ओळखीला अर्थ उरत नाही.

आज शहरांत ‘लाकडी घाण्याचे तेल’ पुन्हा दिमाखाने विकले जाते, साध्या तेलाच्या जवळजवळ दुप्पट भावाने. कुमारप्पांचे नावही न ऐकलेल्या माणसांनी मगनवाडीचा वारसा श्रीमंतांच्या सोसायट्यांत नेऊन ठेवला आहे. आणि त्या बाटलीतील तेल खरोखर घाण्यावरचेच आहे हे ठरविण्याचा उपाय? पुन्हा बाटलीवरची अक्षरेच.

आता ती अक्षरे कोणत्या भाषेत आहेत तेही पाहू या. खाद्यपदार्थांच्या वेष्टनावरील आवश्यक मजकूर इंग्रजीत अथवा देवनागरीतील हिंदीत असावा, असा केंद्राचा नियम आहे. अन्य भाषा त्याला जोडून वापरण्यास मुभा आहे, सक्ती नाही. म्हणजे लातूरच्या कारखान्यात भरलेले आणि परभणीच्या दुकानात विकले गेलेले तेल परभणीच्या बाईला तिच्या भाषेत काही सांगण्यास कायद्याने बांधलेले नाही. जाहिरात मात्र मराठीत असते. पिशवीवरचे मोठे नाव मराठीत असते, सणाच्या शुभेच्छा मराठीत असतात. विकावयाचे असते तेव्हा मराठी येते आणि सांगावयाचे असते तेव्हा इंग्रजी. डॉ. राममनोहर लोहिया यांनी इंग्रजीच्या वर्चस्वाला सत्ताधारी वर्गाच्या हातचे शस्त्र मानले, तेव्हा त्यांच्यापुढे न्यायालये, कचेऱ्या आणि विद्यापीठे होती. स्वयंपाकघराच्या फळीवरही तेच शस्त्र ठेवलेले आहे याकडे भाषेच्या चळवळीचे लक्ष गेले नाही. मराठी पाट्यांसाठी दुकानांच्या काचा फोडणाऱ्यांनी दुकानातल्या डब्यावरच्या मराठीविषयी कधी अवाक्षर काढले नाही, यात नवल नाही. पाटी रस्त्यावरून दिसते.

जे छापले जाते त्यातही उगम हरवतो. भारताने २०२२-२३ या तेलवर्षात दीड कोटी टनांहून अधिक खाद्यतेल आयात केले, आणि त्यातले निम्म्याहून अधिक पाम होते. इंडोनेशिया आणि मलेशिया येथून कच्चे तेल जहाजाने येते, बंदरालगतच्या कारखान्यात शुद्ध होते, आणि पिशवीवर पत्ता पडतो तो त्या कारखान्याचा. ग्राहकाला वाटते तेल येथलेच. शेतकऱ्याला मात्र ते कोठले आहे हे नेमके कळते, कारण त्याच्या मालाचा भाव त्यावर ठरतो. २०२४-२५च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये जाहीर झाला होता. ऑक्टोबरमध्ये मराठवाड्यातील बाजार समित्यांत सोयाबीन त्याखाली विकले जात होते. खुद्द महाराष्ट्र शासनाने २०२२च्या दिवाळीत शंभर रुपयांत जो ‘आनंदाचा शिधा’ दिला, त्यात रवा, साखर आणि चणाडाळ यांसोबत एक लिटर पाम तेल होते. गरिबाला स्वस्त तेल मिळाले याचा विषाद मानण्याचे कारण नाही. पण ज्या राज्यात करडई, जवस आणि कारळे यांखालचे क्षेत्र आटत गेले आणि सोयाबीनवाला भावासाठी रस्त्यावर आला, त्या राज्याच्या सरकारी पिशवीत येथल्या मातीतले तेल असू नये, ही गोष्ट पिशवी घेणाऱ्याला कोणी सांगितली नाही आणि पिकविणाऱ्यालाही कोणी विचारली नाही. ग्राहक आणि शेतकरी यांना परस्परांविरुद्ध उभे करण्याचा जुना खेळ असाच चालतो. दोघांनाही अर्धी माहिती द्यावयाची. दोघांच्या अर्ध्या मिळून पूर्ण होऊ नयेत याची काळजी तेवढी घ्यावयाची.

सरकारला कठोर होता येत नाही असे मात्र नाही. सोयाबीन, बदाम, ओट यांच्यापासून केलेल्या पेयांना ‘दूध’ म्हणता येणार नाही, असा बडगा अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२१ मध्ये उगारला आणि अशी नावे मिरविणारा माल संगणकीय बाजारपेठांतून काढून टाकावयास लावला. दूधउत्पादकाचे हित पाहता तो निर्णय समर्थनीयच आहे. फळांच्या रसावरील ‘१०० टक्के’ हा दावा काढून टाका, असा आदेशही जून २०२४ मध्ये निघाला. शब्दांच्या प्रामाणिकपणाविषयी प्राधिकरण इतके जागरूक असू शकते, तर तेलाच्या बाबतीत ते मवाळ का? उत्तर साधे आहे. दुधामागे संघटित उत्पादक आहेत आणि त्यांच्या मागे मते आहेत. सुटे तेल पावशेराने घेणारीच्या मागे कोणी नाही. ती कोणत्याही संघटनेची सभासद नाही, ग्राहक संघटनेची तर नाहीच. त्या संघटना बहुतांशी पावती मिळणाऱ्या माणसांच्या आहेत.

यावर काही मित्र असे म्हणतील की मग निरीक्षक वाढवा, धाडी वाढवा. धाडींचा इतिहास उत्साहवर्धक नाही. १९५४चा भेसळ प्रतिबंधक कायदा शिक्षेच्या बाबतीत कडक होता, आणि त्याच कडकपणाने निरीक्षकाच्या हाती हप्त्याचे हत्यार दिले. नमुना घेतला जातो तो बहुधा किरकोळ दुकानातून. ज्याने सीलबंद डबा जसाच्या तसा विकला तो वाणी कोर्टाच्या फेऱ्या घालतो आणि ज्याने तो भरला त्याचा वकील तारखा घेतो. तपासणी शुद्धीकरण कारखान्याच्या दारात आणि बंदरात झाली पाहिजे, तिचे निष्कर्ष कारखान्याच्या नावासह, मराठीत, तालुक्याच्या कचेरीबाहेर लागले पाहिजेत. भेसळीचा निष्कर्ष आज फाइलीत मुक्काम करतो. तो दंडाच्या रकमेपेक्षा प्रसिद्धीला अधिक घाबरतो, हे कारखानदार जाणून आहेत.

पण तपासणी हा अर्धाच उपाय आहे. १९८८ साली राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने ‘धारा’ हे तेल बाजारात आणले, तेव्हा डॉ. वर्गीस कुरियन यांच्यापुढे सौराष्ट्रातील तेलिया राजांची मक्तेदारी मोडण्याचे काम होते. तेलबिया पिकविणाऱ्यांच्या सहकारी संस्था, त्यांचेच कारखाने आणि त्यांचेच तेल, अशी ती साखळी होती. त्या तेलावर लोकांनी विश्वास ठेवला, तो पिशवीवरची अक्षरे अधिक सुंदर होती म्हणून नव्हे. मागे कोण उभे आहे ते ठाऊक होते. १९९०नंतरच्या दशकात आयातीचे दरवाजे उघडले आणि सहकारी तेलसंस्थांच्या पायाखालची जमीन सरकली. महाराष्ट्रात सहकाराने साखर आणि दूध यांत जे साधले (आणि नंतर जे बिघडविले) ते तेलबियांत जवळजवळ करूनच पाहिले नाही. उसाला कारखाना मिळाला कारण उसाला आमदार होते. करडईला आणि जवसाला ते कधीच लाभले नाहीत. बाजार समितीच्या आवारात गावोगावच्या उत्पादकांचे लहान तेलकारखाने, त्यांच्या तेलाची सार्वजनिक प्रयोगशाळेत तपासणी आणि शिधावाटप दुकानांतून विक्री, हा कार्यक्रम स्वप्नाळू वाटेल. पण पामच्या लागवडीसाठी केंद्राने २०२१ मध्ये ११,०४० कोटी रुपयांची योजना मंजूर केली, तेव्हा तिला कोणी स्वप्नाळू म्हटले नाही.

पक्षाच्या शाखांना आजही, कोणाच्या परवानगीवाचून, हाती घेता येण्याजोगे एक काम मात्र आहे. २००६च्या अन्न सुरक्षा आणि मानके कायद्याच्या ४०व्या कलमान्वये कोणत्याही खरेदीदाराला आपण विकत घेतलेला पदार्थ, ठरलेली फी भरून, शासकीय अन्न विश्लेषकाकडून तपासून घेता येतो. नियमभंग आढळला तर फी परत मिळते. हा अधिकार कागदावर पडून आहे, कारण एकट्या माणसाला फी परवडत नाही आणि तारीख परवडत नाही. १९७२ साली मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, कमल देसाई, तारा रेड्डी आदी महिलांनी महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती स्थापन केली आणि मुंबईच्या रस्त्यांवर लाटणी घेऊन बायका उतरल्या, तेव्हा त्यांनी मागितले होते ते तेल, साखर, रॉकेल आणि त्यांचा रास्त भाव. त्या बायकांनी डबे उलटून वाचले नव्हते. गोदामे कोठे आहेत ते शोधून काढले होते. तेलाचा भाव मागणारी ती परंपरा तेलाचा पत्ताही मागू शकते. एका वस्तीतून दहा घरांचे दहा नमुने, एकत्र वर्गणीतून भरलेली फी, आणि येणाऱ्या अहवालाचे वस्तीच्या नाक्यावर जाहीर वाचन, एवढ्याने आरंभ होईल. विश्लेषकाने नमुन्याचा अहवाल देण्यास कायद्याने चौदा दिवसांची मुदत घातली आहे. पंधराव्या दिवशी अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कचेरीत कोण जाऊन बसणार, हे प्रत्येक शाखेने आधीच ठरवून ठेवावे.